झटक्याचे वेगळे पैसे

महानगरपालिकेच्या नावात कुपवाड तिसरं येतं. आधी सांगली, मग मिरज, मग आम्ही. १९९८ साली तिघांची मिळून एक महापालिका झाली, तेव्हापासूनचा हा क्रम. सांगलीकडं गणपती आणि हळद, मिरजेकडं तंतुवाद्यं आणि दवाखाने, आणि कुपवाडच्या वाट्याला एमआयडीसी. त्यामुळे इथला माणूस पत्ता सांगताना देवळाची खूण देत नाही, फाउंड्रीची देतो.

या एमआयडीसीच्या कडेला एका गाळ्यात मिस्त्री सापडतात. शटर अर्धं वर, आतल्या गाडीचं बॉनेट पूर्ण वर आणि त्यात वाकलेली एक पाठ. बोलायचं ते पाठीशी. ‘मिस्त्री, गाडी झाली का?’ या प्रश्नाला पाठ म्हणते, ‘झाली की!’ गाडीची चारही चाकं त्या वेळी भिंतीला टेकलेली असतात.

पोटासाठी मिस्त्री सगळ्या गाड्यांची कामं घेतात. जीव मात्र अडकलाय तो २००० सालच्या आसपासच्या होंडा सिटीत, व्हीटेकवाल्या. तसली गाडी गेटात शिरली की टेम्पोचं काम तिथंच थांबतं आणि टेम्पोवाल्यासाठी चहा येतो. टेम्पोवाल्यानं चहावरून ओळखायचं की आज गाडी मिळत नाही.

नव्या गिऱ्हाइकाला आधी शिकवणी. जुना कॅमशाफ्ट फडक्यानं पुसून मिस्त्री त्याच्या हातात देतात. ‘बोट फिरवा. दोन बुटके उंचवटे, मधी एक उंच. खालच्या रेसला बुटक्यांवर भागतं. वॉल्व थोडाच उघडतो, पेट्रोल वाचतं, गाडी बाजारातनं गपगुमान चालती. रेस चढली की कॉम्प्युटर सोलेनॉइड उघडतो, तेलाचं प्रेशर रॉकरमधली पिन सारतं, तिन्ही रॉकर जोडले जातात आणि कारभार उंच्याच्या हातात.’

‘म्हंजे एकत्र कुटुंब झालं की!’

‘तेल चांगलं असंल तर. तेलाचं डांबर झालं की पिन सरकत न्हाई. मग वाटण्या.’

होंडानं व्हीटेकचं हे तंत्र १९८९ साली इंटेग्रा गाडीत पहिल्यांदा आणलं. इंजिन १.६ लिटरचं आणि ताकद १६० हॉर्सपॉवर, म्हणजे लिटरमागं शंभर, तेही टर्बोशिवाय. त्यामागच्या इंजिनिअरचं, इकुओ काजितानी यांचं नाव मिस्त्री ‘काजितानीसाहेब’ असं घेतात. ऐकणाऱ्याला वाटावं, साहेब मागच्या आठवड्यातच मिरज जंक्शनला उतरून गाळ्यावर चहा पिऊन गेले. मात्र साहेबांनी कॅम कुठल्या आरपीएमला बदलायचा हे ठरवून दिलं, त्याला मिस्त्रींची हरकत आहे. ‘त्यांनी समद्या दुनियेसाठी ठरवलं. ही गाडी तासगावची हाय.’

ही हरकत अमलात आणणारी वस्तू म्हणजे कंट्रोलर, पंजात मावणारी जपानी डबी. ती गाडीचा कॉम्प्युटर आणि सोलेनॉइड यांच्या मधे बसते. कॉम्प्युटर ‘आता’ म्हणाला की ही ‘जरा थांब’ म्हणू शकते. तो गप्प असला तरी ही आधीच ‘चल’ म्हणू शकते. शिवाय प्रेशर सेन्सरचा निरोप वाटेत थोडा बदलून इंजिनाला पेट्रोल कमीजास्त पाजते. थोडक्यात, साहेब आणि शिपाई यांच्या मधे बसलेला हेडक्लार्क.

ती बसवताना मिस्त्री कुणाशी बोलत नाहीत. कार्पेट उचलून कॉम्प्युटर उघडा केला जातो. वायर कापण्याआधी ती मीटरनं दोनदा तपासायची. जोड सोल्डरचाच. वायरी पिळून टेप गुंडाळणाऱ्यांचा विषय निघाला तर मिस्त्री उठून बाहेर थुंकून येतात. सोल्डर थंड झालं की वर स्लीव्ह चढवायची आणि मग प्रत्येक जोड चिमटीत धरून एकदा ओढून बघायचा. इतकं करून गाडी चालू केली की चेक इंजिनचा दिवा लागतो. मग दोन पिना जोडून त्या दिव्याची उघडझाप मोजायची. लांब म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दोन लांब, दोन आखूड. ‘बावीस!’ पोऱ्या ओरडतो. बावीस म्हणजे व्हीटेकच्या प्रेशर स्विचची तक्रार. ‘डबी न्हाई, तेल बोलतंय,’ असं म्हणत मिस्त्री डिपस्टिक ओढतात आणि तिच्यावरचं काळं गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरतात. ‘कवा बदललंतं?’ गिऱ्हाईक फाउंड्रीच्या धुराड्याकडं बघतं.

ट्रायल सावळीच्या रस्त्याला, तीही पहाटे, पहिल्या पाळीच्या सायकली रस्त्यावर यायच्या आत. पोऱ्याच्या मांडीवर लॅपटॉप. एक फेरी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन फक्त बुटक्या कॅमवर, दुसरी तशीच पण उंच कॅमवर. दोन्हींचे आलेख एकावर एक ठेवले की एका ठिकाणी ते एकमेकांना कापतात. त्याच्या आधी बुटका जोरात, त्याच्यानंतर उंच. बदल करायचा तो बरोबर तिथं. मग पेट्रोलचा हिशेब. साध्या पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते, पूर्ण रेसला मात्र पेट्रोल थोडं जास्त हवं, म्हणजे हवा साडेबारा-तेराच्या आसपास. हे सगळं बसवून मिस्त्री निवांत झाले आणि पंपावर वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलला हवा लागते नऊच भाग. जुन्या सेटिंगवर पूर्ण रेसला पेट्रोल कमी पडायला लागलं. ‘ऊस आपला, कारखाना आपला, इथेनॉल आपलं,’ मिस्त्री म्हणतात, ‘आणि वाट लागली ती बी आपल्याच सेटिंगची!’ त्यांचे दोन सख्खे भाऊ ऊस लावतात. दिवाळीला हा विषय निघत नाही.

मिस्त्रींची खरी अडचण पुढं आहे. आलेख जिथं एकमेकांना कापतात तिथं कॅम बदलला, की बदललेला कळतच नाही. बुटक्यानं जेवढा जोर सोडला तेवढाच उंच्यानं उचलला. गाडी सरळ चढत जाते. हे मिस्त्रींच्या आयुष्यातलं सर्वात चांगलं काम. आणि द्राक्षं, बेदाणा व्यवस्थित विकून आलेला तासगावचा पोरगा ती गाडी फिरवून येतो आणि म्हणतो, ‘मामा, काय केलं न्हाई व्हय?’

‘का?’

‘झटका कुठाय? मित्राच्या गाडीला पाठीत बसतोय.’

मिस्त्री समजावतात. झटका म्हणजे उशीर. बुटका कॅम दमून खाली आलेला असतो आणि मग उंचा एकदम उठतो. पाठीत बसतो तो जोर आधी वाया घालवलेला असतो. आलेख दाखवतात, घड्याळ लावून दाखवतात. झटक्याची गाडी मागं पडते हे आकड्यात दिसतं. पोरगा मान हलवतो. ‘पटतंय मामा. पन झटका पायजे.’ यामाहावाली पोरंही यायची. त्यांच्या आर-१५ मध्ये ७,४०० आरपीएमला असाच कॅम बदलतो. मात्र तिथं कंपनीनं झटका बेतानंच ठेवलाय, म्हणून ती पोरं आणखी दुःखी.

काही वर्षं मिस्त्रींनी तत्त्वावर धंदा केला, त्यात दोन गिऱ्हाइकं कायमची गेली. मग त्यांनी बिलात दोन ओळी केल्या. पहिली ‘सेटिंग’. तिच्याखाली ‘झटका’, त्याचे पैसे वेगळे. सेटिंग बिघडवायला पैसे जास्त का, असं शेजारच्या लेथवाल्यानं विचारलं, तर म्हणाले, ‘चांगलं काम हात आपोआप करतो. वाईट करायला मन मारावं लागतं, त्याची मजुरी.’

पोरगा खूश होऊन जातो. रीलबील काढतो, चार मित्र पाठवून देतो. मिस्त्री काहीच बोलत नाहीत. फक्त तेल बदलायला गाडी आली की कार्पेटखाली हात घालून डबीतला आकडा शंभरानं खाली आणतात. पुढच्या खेपेला आणखी शंभर. असं करत गाडी हळूहळू बरोबर जागेवर येते आणि एक दिवस पोरगा स्वतःच सांगत येतो, ‘मामा, गाडी लई मोकळी पळतीया आता. तेल कंचं घातलंसा?’

‘भारीतलं,’ मिस्त्री म्हणतात. तेल नेहमीचंच असतं.