साहेब केल्याबद्दल आभार

प्रति,
मा. मनुष्यबळ अधिकारी (पदनाम-वाटप विभाग),
रांजणगाव औद्योगिक वसाहत, ता. शिरूर
आणि कुरकुंभ औद्योगिक वसाहत, ता. दौंड

महोदय,
सा. न. वि. वि.

दिवाळीपर्यंत मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत साधा ऑपरेटर होतो. आपल्या कृपेने आता ‘असोसिएट एक्झिक्युटिव्ह – प्रोसेस’ झालो आहे. रिअ‍ॅक्टर तोच, व्हॉल्व्ह तेच, दर तासाला लॉगशीट भरायची तीही तीच. पगाराच्या स्लिपवरचा ओव्हरटाइमचा, म्हणजे ओटीचा, रकाना तेवढा गेला. साहेबाच्या स्लिपवर असली किरकोळ नोंद शोभत नाही, हे मलाही पटलं.

माझा मेहुणा रांजणगावला असेंब्ली लाइनवर आहे. त्याचा ‘टीम लीडर’ झाला. न्हावऱ्याच्या एका लग्नात आम्ही भेटलो, तेव्हा दोन्ही घरांत मिळून एकही कामगार उरला नसल्याचं लक्षात आलं. गावकऱ्यांनी अभिनंदन केलं. एका म्हाताऱ्याने मात्र विचारलं, “साहेब झालात, मग रजा कोण देतं?”

प्रश्न खोचक होता. मी कुणाची रजा मंजूर करू शकत नाही; माझीच अडकून पडते. मेमो देण्याचा अधिकार नाही, घेण्याचा आहे. हाताखाली ठेकेदाराची दोन पोरं आहेत, पण त्यांची हजेरी ठेकेदार लावतो आणि त्यांना काढायचं की ठेवायचं हे आपण ठरवता. रिलीव्हर आला नाही की पुढची शिफ्ट ओढायची, हा एक अधिकार तेवढा निर्विवाद माझा.

आता थोडं कायद्याचं. १९४८च्या कारखाना कायद्यात दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांवर काम गेलं की दुप्पट दर होता. देखरेख किंवा व्यवस्थापनाच्या जागेवरच्या माणसांना त्यातून वगळता येत असे. ही फट आपण नेमकी हेरली. पण मुंबईच्या सिबा गायगी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्येच सांगून ठेवलंय की माणसाचं मुख्य काम कोणतं ते पाहा; त्याच्या जोडीला थोडी देखरेख आली म्हणून तो कामगार नाही असं होत नाही. दारावरची पाटी न्यायालय वाचत नाही. आपण तेवढीच वाचता.

२१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि आपल्या हाती १८,००० हा आकडा लागला. “तुझा पगार अठरा हजारांच्या वर, म्हणून ओटी नाही,” असं मला सांगण्यात आलं. महोदय, आपण वाक्याचा उत्तरार्धच पाठ केलात. देखरेखीचं काम करणारा आणि वर १८,०००पेक्षा जास्त वेतन घेणारा, असा माणूस संहितेच्या ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर जातो. जो स्वतः व्हॉल्व्ह फिरवतो त्याला ही मर्यादा नाही. त्याला चाळीस हजार मिळाले तरी तो कामगारच. जादा कामाला त्याची संमती लागते आणि मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो, हेही त्याच संहितांत लिहिलंय. ते पान आपल्या प्रतीत छापायचं राहिलं असावं.

सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली ओटीची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४वर नेण्याचा निर्णय घेतला. त्यावर चर्चा झाली, विरोधही झाला. आम्ही दोघे साहेब त्या वादात नव्हतो. मर्यादा ओटीच्या तासांना असते आणि आमच्या जादा तासांना आपल्या दप्तरी ओटी म्हणतच नाहीत; त्यांना ‘ओनरशिप’ म्हणतात.

तरी एक नम्र सूचना आहे. पुढच्या वेळी कुणाला साहेब करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा दुसऱ्याची रजा मंजूर करू शकतो का? कुणावर कारवाई करू शकतो का? दुसऱ्याला काम वाटून देणं हेच याचं मुख्य काम आहे का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल एक्झिक्युटिव्ह म्हणा आणि खुर्चीही द्या. ‘नाही’ असेल तर पद तुमच्याकडेच ठेवा, तासांचे पैसे द्या.

आपला,
एक असोसिएट एक्झिक्युटिव्ह
(सध्या सलग दुसऱ्या शिफ्टवर)

ता. क. – हे पत्र वाचणाऱ्या इतर साहेबांसाठी : आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ रोज स्वतःच्या वहीत लिहा, पंचिंगचा फोटो जपून ठेवा आणि नेमणूकपत्रासोबत आपण प्रत्यक्षात काय काम करतो याची यादीही ठेवा. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा कोर्टात उभं राहायची वेळ आली, तर पदाचं नाव नव्हे, ही वही उपयोगी पडेल.