सत्तेचाळीस

वसईच्या होळी बाजारात कुठल्याही भाजीवालीला विचारा, "अपीलवाले काका कुठे राहतात?" मान वर न करता ती गल्ली सांगेल आणि वर विचारेल, "काय, तुमचंपण नामंजूर झालं?" काकांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. बाकी गाव त्यांना 'सत्तेचाळीस' म्हणतं.

लोकांच्या देव्हाऱ्याशेजारी पंचांग असतं, काकांच्या देव्हाऱ्याशेजारी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 असतो. त्याचं 47 वं कलम सांगतं की बांधकामाची परवानगी नाकारली, तर आदेश मिळाल्यापासून 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. कायद्याच्या बाकी कलमांशी काकांचं वागणं सभ्य आहे, पण जीव या एका कलमावर.

मूळ मामला एका मजल्याचा. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा कौलं उतरवून वर दोन खोल्या काढायच्या असं ठरलं. मुलाचं लग्न झालं, तो वसई पूर्वेला फ्लॅट घेऊन राहायला गेला, नातू शाळेत जाऊ लागला. मजला अजून नकाशात आहे. पहिला नकाशा काढला तेव्हा इथलं नियोजन सिडकोकडे होतं. मग 2009 मध्ये 4 नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली. 2014 मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला. 2020 मध्ये मुंबईसारखे काही भाग सोडून राज्याला एकच बांधकाम नियमावली आली. दर वेळी काकांनी नवा नकाशा काढून घेतला. त्यात जिना एकदा डावीकडे गेला, एकदा मागे गेला, आणि सध्या तुळशीवृंदावनाला वळसा घालून वर चढतो. काकूंनी त्या जिन्यावर चढायची आशा सोडली आहे. गुडघेही आता तसे राहिले नाहीत.

तुम्हीआम्ही नकाराला घाबरतो, काका त्याची वाट बघतात. "नकार मिळायला नशीब लागतं," असं ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. अर्जाला 60 दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं मानायची सोय कायद्यात आहे, पण नकाशा नियमात चोख बसला तरच. शिवाय मध्येच एखादी त्रुटी निघाली, तर तिची पूर्तता केल्या दिवसापासून 60 दिवस नव्याने सुरू. अठ्ठावन्नाव्या दिवशी त्रुटीचं पत्र आलं की काका हळहळतात ते मजल्यासाठी नाही. त्रुटीवर अपील नसतं.

लेखी नामंजुरी आली त्या दिवशी मात्र घरात सांजा झाला. काकूंना वाटलं, मंजुरी आली. काकांनी पत्र खिडकीशी धरून वाचलं, शिक्क्यावरची तारीख भिंगातून तपासली आणि म्हणाले, "कारण दिलंय! कायद्याने द्यावंच लागतं, पण दिलंय!" कारण होतं पोहोच मार्गाची अपुरी रुंदी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काका टेप घेऊन गल्लीत. टेपचं एक टोक त्यांच्याकडे, दुसरं आगरातून केळी घेऊन आलेल्या मावशीच्या हातात.

"मावशी, भिंतीला टेकवा. ओट्याला नको, ओटा अतिक्रमण आहे."

"ओटा तुमचाच आहे ना, काका?"

काकांनी ते ऐकलं, वहीत लिहिलं नाही.

"सोडू का आता? गिऱ्हाईक उभं आहे."

"थांबा, सेंटिमीटर बघतो."

मावशीने टेप सोडला. सर्रकन येऊन तो काकांच्या बोटावर बसला. अपिलाच्या मसुद्यातली रुंदी अजूनही त्या गिऱ्हाइकावर अवलंबून आहे.

वसईत हे सगळं करणाऱ्याला लोक खुळा म्हणतात, आणि का म्हणू नये? कागद न करता ज्यांनी मजले चढवले ते वर गच्चीत पापड वाळवतात. कट्ट्यावरचे काकांना तेच ऐकवायचे. मग 2025 च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या 41 इमारतींचं पाडकाम उच्च न्यायालयाच्या आदेशाने पुरं झालं, बायकामुलं सामानासकट रस्त्यावर आली. कट्टा म्हणाला, "काका, तुमचंच बरोबर." काका खूश होतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "घर घेताना त्या बिचाऱ्यांना कुणी एक नकारसुद्धा दाखवला नाही." आणि चहा अर्धा टाकून उठले.

सुनावणी मंत्रालयात. काका पहाटेच वसई स्टेशनवर, बगलेत फाईल, फाईलमध्ये 2 वेगवेगळ्या रंगांच्या खूणपट्ट्या, डब्यात सुकेळी. एवढ्या वर्षांच्या रागाला साजेसं भाषण त्यांनी लोकलमध्ये चर्चगेटपर्यंत पाठ केलं. साहेबांनी नकाशा पाहिला, पालिकेच्या माणसाला दोन प्रश्न विचारले आणि काकांना विचारलं, "ओटा काढाल?" काका भाषणाच्या तयारीत होते, तोंडून "हो" निघून गेलं. परत येताना बोरिवलीपर्यंत ते गप्प होते.

यथावकाश आदेश आला. अपील मंजूर, परवानगी अटींसह. काकूंनी देवापुढे साखर ठेवली, मुलाला फोन लावला, गवंड्याला निरोप धाडला. काका खिडकीशी पत्र धरून बसलेले.

"अहो, आता तरी सुरुवात करा."

"अट क्रमांक 7 बघितलीस? मागच्या बाजूचं सामासिक अंतर."

"मग सोडा की तेवढं!"

"सोडायचं काय? अटींवरसुद्धा 47 खाली जाता येतं."

"अहो, पण या अटी खुद्द सरकारनेच घातल्यात. आता सरकारविरुद्ध सरकारकडे जाणार?"

काका थबकले. कायदा उघडला, पान उलटलं, चष्मा पुसला. अपिलातला निर्णय अंतिम, असं तिथे छापलेलं होतं. मग त्यांनी खालच्या कप्प्यातून दुसरं जाडजूड पुस्तक काढलं, वरची धूळ झटकली आणि विचारलं, "रिट म्हणजे हायकोर्टात ना गं? तिथे वकिलाशिवाय उभं राहू देतात का?"