हिरवट वटवट्या टिपण्याची सोपी रीत

फाल्गुन सरता सरता पाहुणे पक्षी उत्तरेची वाट धरू लागतात. त्यांचे फोटो काढायची हौस ज्याला आली असेल, त्याने घरी लेन्सची किंमत सांगू नये. अगदीच खनपटीला बसले, तर शेवटचे शून्य गाळून सांगावी.

श्रीगणेशा भोरडीवर करावा. गुलाबी अंग, काळे डोके. पांगारा फुलला की थवेच्या थवे मधावर तुटून पडतात, त्यामुळे नेम चुकला तरी एखादी फ्रेममध्ये सापडते. ज्वारीच्या राखणीला बसलेले आपले आजोबा याच पाखरांवर गोफण चालवत. त्यांचा नेम बरा होता.

खरी परीक्षा हिरवट वटवट्याची. (हे पक्ष्याचे नाव आहे, टेकडीवरच्या कोणा काकांचे नव्हे.) वजन जेमतेम 8 ग्रॅम, रंग पानाचा, मुक्काम पानांत, आणि एका जागी दोन सेकंद ठरेल तर शपथ. पुण्यात वेताळ टेकडीवर जावे, उजाडताच. ऊन पाठीशी घ्यावे, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून वेगवान ठेवावा, श्वास रोखावा. बरोबर याच क्षणी काका विचारतात, ‘‘काय, दिसतंय का काही?’’

‘‘बिबट्या’’ म्हणू नये. सगळी टेकडी गोळा होते. ‘‘नाही’’ म्हणावे, तर ‘‘मग बघताय काय?’’ गप्प राहावे, तर ‘‘आमच्या गॅलरीत रोज येतो हो एक पिवळा. नाव काय त्याचं?’’ एव्हाना पक्षी पलीकडच्या झाडावर गेलेला असतो.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू मात्र नये. त्याला हिमालय, कदाचित थेट सैबेरिया गाठायचा आहे. वाटेसाठी साठवलेली चरबी आपल्या लाइकपायी जाळायला लावणे हा शुद्ध हलकटपणा.

घरी येऊन फोटो मोजावेत. माझे मागच्या रविवारी 412 भरले: 409 फांद्या, दोन शेपट्या, एक काकांचा खांदा. शेपटीखाली ‘रेकॉर्ड शॉट’ असे लिहून ग्रुपवर टाकावे. पक्षिमित्रांत धूसर फोटोला असे म्हणायची सोय आहे. जाणकार सांगतात, ‘‘वटवट्याच आहे, पण कोणता, ते आवाज ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही.’’ पंखावरची फिकट पट्टीही एव्हाना झिजलेली असते. आवाज मी रेकॉर्ड केला होता. त्यात काका होते.

एप्रिलअखेर बहुतेक वटवट्ये निघून जातात, ते सप्टेंबरपासून परतू लागतात. काका निवासी आहेत.