अर्थातकाका

आमच्या वाचनालयात रोज साडेपाचला येणाऱ्या या गृहस्थांचं खरं नाव रजिस्टरात आहे, कुणाच्या तोंडात नाही. दर वाक्याची सुरुवात 'अर्थात'ने, म्हणून ते अर्थातकाका. शिवाय अर्थ काढणे हा त्यांचा वहिवाटीचा हक्कच.

कथेत पाऊस पडला की आपल्याला वाळत घातलेले कपडे आठवतात, काकांना व्यवस्था दिसते. दार उघडं असलं तर मुक्ती, बंद असलं तर कोंडी, नुसतंच लोटलेलं असलं तर मध्यमवर्ग.

बालकवींची 'औदुंबर' म्हणजे त्यांचं राखीव कुरण. कविता अवघ्या आठ ओळींची, पण मराठी समीक्षक तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. कुणाला त्या पाण्याकाठच्या झाडात विरक्त साधू दिसला, कुणाला उदासी, कुणाला मृत्यू. काहींचं म्हणणं, हे साधं निसर्गचित्र आहे, बघा आणि गप्प बसा. काकांचा सगळा राग या मंडळींवर. "अर्थात, झाड म्हणजे झाडच असतं तर ते कवितेत कशाला आलं असतं? वखारीत गेलं असतं!" हे वाक्य मला आवडलं, कबूल करतो.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'पाशी मात्र आमचं बिनसलं. गडकरी १९१९च्या जानेवारीत गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर हुशार वकील, पण मानी. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ जाते, आणि दारुडा तळीराम पेला पुढे करतो. माझ्या मते दारू नंतरची. खरी झुंज त्या माणसाची स्वतःच्या मानाशी आहे. सोडतो म्हणतो आणि पुन्हा पितो, तिथे तर पोटात कालवतं. काकांना ते दिसतच नाही. ते अडकले सुधाकरच्या बायकोच्या, सिंधूच्या जात्यात. तीन संध्याकाळी विचार करून निकाल दिला: वरची तळी म्हणजे नवरा, खालची म्हणजे परंपरा, खुंटा म्हणजे इंग्रज सरकार.

"आणि पीठ?"

"अर्थात, प्रेक्षक."

सिंधू दळते कारण घरात पैसा उरलेला नाही, असं मी म्हणून पाहिलं. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. इतकी स्वस्त कारणं त्यांना चालत नाहीत.

त्यांनी वाचलेलं पुस्तक ओळखायला सोपं. समासात पेन्सिलीची गर्दी, मधूनच 'संघर्ष!' आणि त्याखाली दोन रेघा. एका जुन्या कादंबरीत तर 'किंमत दोन रुपये' याच्यापुढेही 'द्वैत?' असं लिहिलेलं सापडलं.

गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून दाते पंचांग नेलं. एकादशी बघायची होती म्हणे. अजून परत आलेलं नाही, परवा विचारलं तर म्हणाले, "अर्थात, अजून श्रावणातच आहे."