गच्चीवरचं प्रकरण

ऐकलंत का? आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज सकाळी साडेसहाला म्हणे काहीतरी शिजतंय. शिजतंय कसलं, कुजतंय! निळ्या पिंपात. कोथरूडसारख्या ठिकाणी! यंदा कुरडया कुठे वाळत घालायच्या, हा प्रश्नच आहे.

सगळ्याला सुरुवात झाली ती ए विंगमधल्या काकांपासून. चांगले बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, सरळमार्गी गृहस्थ. कुठलीशी दोन दिवसांची कार्यशाळा करून आले आणि परस्पर जाहीर करून मोकळे झाले, 'आपल्या गच्चीवर सामूहिक परसबाग!' पुढे जे काही घडलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. म्हणूनच सांगते.

पहिली भानगड शेणाची. अमृतजल करायचं म्हणजे 10 लिटर पाण्यात 1 किलो शेण, 1 लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी मिसळून झाडांना घालायचं. आता यात शेण ताजं हवं, आणि त्या 'ताजं'नं घात केला. बी विंगमधल्या काकू, ज्यांच्या ओट्यावर परक्या माणसाचा चमचासुद्धा चालत नाही, त्या भल्या पहाटे रिक्षानं गोठ्यावर! हातात डबा. कुठला? स्टीलचा, लग्नात आलेला, वर मामेसासऱ्यांचं नाव घातलेला!

मग चोऱ्यामाऱ्या. हो, चोऱ्याच. वाफ्याच्या तळाशी उसाची चिपाडं आणि वाळकी पानं घालतात. रसवंतीवाला बिचारा आधी हसून चिपाडं द्यायचा, आता आमचे लोक दिसले की मान फिरवतो. पानांचं तर विचारूच नका. पूर्वी जाळल्या जाणाऱ्या पाचोळ्याची पुण्यात आता रीतसर देवाणघेवाण चालते. शेजारच्या बंगल्यानं फाटकाबाहेर ठेवलेली दोन पोती रात्रीतून गायब झाली. सकाळी आमच्या लिफ्टमध्ये बदामाचं एक लालचुटुक पान सापडलं. कुणी काही बोललं नाही. पण सगळ्यांनी पाहिलं.

वरच्या मजल्याचे लोक वेगळेच पेटलेत. त्यांच्या छताला ओल आली. ती बागेची की बिल्डरची, यावर वार्षिक सभेत दोन तास रणकंदन! तेव्हा काकांनी इतिहास काढला. 'मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर 2002 मध्येच बाग उभी राहिली! आणि आपल्या श्री. अ. दाभोळकरांनी, गणिताच्या माणसानं, 10 गुंठ्यांत कुटुंब कसं जगेल याचा हिशोब मांडला. चौरस फुटावर पडणारं ऊनसुद्धा मोजलं!' त्यावर मागून कुणीतरी विचारलं, 'आणि आपला हिशोब?'

तो मात्र निघाला. कोकोपीट, निंबोळी पेंड, वाढपिशव्या, ठिबकच्या नळ्या धरून 18,400 रुपये. उत्पन्न: एक वांगं. काटेरी, जांभळं, देखणं. त्याचे फोटो काढायला रांग लागली. कुणाच्या नातवाच्या बारशाला एवढी लागली नव्हती. वांगं कापायचं कुणी यावर उपसमिती नेमली. समिती बसेपर्यंत ते पिवळं पडलं.

आणि कोथिंबीर? तीनदा पेरली. पंधरा पंधरा दिवस मातीकडे बघत सगळे उकिडवे बसलेले. शेवटी पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करायला आलेले आमचे वॉचमनमामा जरा वेळ बघत उभे राहिले. सोलापूरकडचे आहेत. म्हणाले, 'काका, धणं आख्खंच टाकलं व्हय? चपलंखाली रगडा की आधी. दोन फाकी झाली पायजेत.'

शांतता. दोन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्रासकट, आणि धणे रगडायचे हे कुणाला ठाऊक नाही! काकांनी विचारलं, 'मामा, तुम्ही शेती केलीये?' मामा म्हणाले, 'तीन एकर हाय की. पाणी न्हाई.' आणि वॉल्व्ह फिरवून खाली गेले.

आता सगळ्यांत मोठी भानगड ऐका, आणि कुठे बोलू नका. मामांच्या केबिनमागे रंगाचे तीन डबे आहेत, बुडाला भोकं पाडलेले. एकात मिरची, एकात गवती चहा, एकात पुदिना. ना कार्यशाळा, ना वर्गणी, ना समिती. ड्यूटीवरचं हात धुतलेलं पाणी तेवढं मिळतं. कधीपासून आहेत म्हणता? दोन वर्षं तरी झाली.

मला कसं माहीत? अहो, आमटीला मिरच्या मी तिथूनच तर नेते. मामांना विचारून हं! म्हणजे, पहिल्यांदा विचारलं होतं.