आत्याचा मोरावळा

फळ आणि साखर एका बरणीत कोंडली की पुढे त्यांचा संसार सात्त्विक होणार की तामसी, हे मापावर ठरतं. साखर दोन-तृतीयांशाच्या आसपास भरली, तर यीस्ट बिचारं पाण्यावाचून तडफडतं आणि मुरंबा वर्षभर टिकतो. माप आखडलं, की तेच यीस्ट पाट मांडून पंगतीला बसतं. साखर खातं आणि तिचा साधारण निम्मा वायू, निम्मी दारू करून ठेवतं.

वसईला आमच्या आत्याच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नाही. जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव मात्र हवंच. त्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते वाचायच्या वेळी तिचा चष्मा नेमका सापडत नाही.

समोरच्या ख्रिस्ती काकू नोव्हेंबरात नाताळची वाइन घालतात. काळ्या मनुका, साखर, कोमट पाणी, चिमूटभर यीस्ट, मूठभर गहू. चिनी मातीची बरणी, तोंडाला दादरा. त्याच सुमारास आत्याचा मोरावळा. टोचलेले आवळे, तुरटीचं पाणी, एक वाफ, दोनतारी पाक, वेलदोडा. बरणी चिनी मातीचीच, दादराही तसाच, बहुधा एकाच जुन्या धोतराचा. सकाळी दोघी आपापल्या बरणीला कान लावतात. आतून फसफस ऐकू आली तर काकू क्रूसाची खूण करतात. आत्या रामरक्षा सुरू करते.

एका वर्षी आत्यानं साखरेत हात आखडला. त्यात आवळा मोठा लबाड. पाकात पडला की निवांत पाणी सोडत बसतो आणि दोनतारीचा एकतारी कधी होतो, पत्ता लागत नाही. आठवड्याभरात दादरा टम्म फुगला. आत्या पाक पुन्हा आटवायला घेणार, तेवढ्यात काकू आल्या. बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले.

"वहिनी, उकळू नका हो! माझ्यापेक्षा तुमची छान लागलीय!"

"माझी नाही, माझा! मोरावळा आहे तो!" आत्या कडाडली. पण एवढी साखर टाकून द्यायची तिची छाती होईना. शेवटी तिनं निवाडा दिला, "औषधी झालाय, इतकंच. एकेक चमचा घ्यायचा."

आतोबांनी जन्मात आवळ्याला हात लावला नव्हता. त्यांना त्याच संध्याकाळी पित्ताचा त्रास सुरू झाला. रात्री पुन्हा झाला. राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा, प्यायची तर परवाना लागतो, हे त्यांना कचेरीत जन्म काढल्यामुळे पाठ होतं. मोरावळ्याला कसला परवाना! संक्रांतीच्या आत बरणी विसळायला पडली.

पुढच्या वर्षी आवळे त्यांनीच आणले, निवडून, पुसून. आत्या साखर मापायला बसली, तसे हळूच म्हणाले, "अगं, यंदाही साखर बेतानंच घाल. माझ्या मधुमेहाचं बघायला हवं."