मा. उन्हाळी सुट्टी यांस, सविनय

जावक क्रमांक : (लिपिक जनगणनेच्या कामी गेल्याने नंतर टाकण्यात येईल)

प्रति,
मा. उन्हाळी सुट्टी,
मुक्काम पोस्ट मे महिना.

विषय : आपली भेट मिळणेबाबत.
संदर्भ : 1) कार्यालयाच्या भिंतीवरील सुट्ट्यांची यादी. 2) एस.टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत वेळोवेळी ऐकलेली मते.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्यावरच्या अनुदानित हायस्कूलचा मुख्याध्यापक असून गेली नऊ वर्षे आपल्या नावावर ऐश करत आहे, असे संदर्भ क्रमांक 2 वरून समजते. टपरीवरच्या मंडळींचा हिशेब सोपा आहे : मास्तरला दीड महिना पगार फुकट. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण वाद घालायला बसलो की चहाचे पैसे मलाच द्यावे लागतात. पण खरं सांगायचं तर मुख्याध्यापक झाल्यापासून आपली-माझी गाठ पडलेली नाही. यादीत आपण आहात. म्हणजे आपण मंजूर आहात, पण रुजू झालेल्या नाहीत. आमच्या शाळेत अशी आणखी दोन पदं असल्यामुळे मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

आधी दिवसांचा जमाखर्च सादर करतो. वर्षाचे दिवस 365. त्यातून 52 रविवार गेले. यादीतल्या 76 सुट्ट्या गेल्या. उरले 237. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, सहावी ते आठवीला किमान 220 दिवस आणि 1000 तास शिकवा. शिल्लक सतरा. या सतरा दिवसांवर कोकणातला मुख्याध्यापक वर्षाचा संसार करतो. जुलैत आभाळ फाटतं, रात्री साडेदहाला जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश व्हॉट्सॲपवर येतो आणि सकाळी मी शाळेत पोचतो तर व्हरांड्यात तीन पोरं निथळत उभी असतात, कारण त्यांच्या वाडीत रेंज नाही. गणपतीला दिवाळीच्या सुट्टीतून दिवस उसने घ्यावे लागतात. शिमग्याचं तर विचारू नका. यादीत त्याला एखादा दिवस असतो, पण पालखी वाडीवाडीत फिरते पुढचे कितीतरी दिवस. देव घरी आलेला असताना पोराला शाळेत पाठवणारा बाप आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. त्याच दिवसांत दहावीचं बोर्ड असतं. आमची मुलं भूमितीचा पेपर ढोलाच्या ठेक्यावर लिहितात. वर्तुळं त्यामुळे बरी येतात असा माझा अनुभव आहे.

पूर्वी एप्रिलच्या मध्याला परीक्षा आटपायची आणि पोरं आंब्याच्या बागांत पांगायची. मग शाळेत बसायचो आम्ही आणि चिमण्या. ते वरच्या लोकांच्या डोळ्यांवर आलं असावं. 2025 साली परीक्षा 8 ते 25 एप्रिल अशी लांबवण्यात आली आणि निकाल 1 मेला लावा म्हणाले. पाच दिवसांत पेपर तपासा, गुण भरा, प्रगतिपुस्तकं लिहा, ती ऑनलाइनही चढवा. कौलांखाली एवढा उकाडा होता की मुलांच्या घामाने उत्तरपत्रिकांवरची शाई पसरली होती. एका पोराच्या विज्ञानाच्या पेपरात बाष्पीभवनाची व्याख्या कोरी होती. मी त्याला प्रात्यक्षिकाचे गुण द्यायचा विचार करत होतो.

तर 1 मे. आपल्या आगमनाचा दिवस. सकाळी ध्वजवंदन, मग निकाल, मग पेढे. पोरं कुंपणावरून उड्या मारत गेली की शाळेत एक शांतता पसरते. कवी लोक तिला काहीतरी म्हणतील, मी तिला 'माहिती तात्काळ सादर करा' असं म्हणतो. कारण तिचा पहिला आवाज हाच असतो. शाळेत किती नळ आहेत, त्यांतले चालू किती, रॅम्पला कठडा आहे का, मुलांच्या आधारवरचं नाव आणि रजिस्टरातलं नाव जुळतं का. एका मुलाचं नाव आधारवर 'सहिल' आहे, रजिस्टरात 'साहिल'. हा एक काना मिळवण्यासाठी मी तीन वेळा तालुक्याला गेलो आहे. वेबसाइट दिवसा झोपते. रात्री एक वाजता ती जागी होते, तेव्हा ओटीपी मुलाच्या बापाच्या मोबाइलवर जातो आणि बाप विरारला रात्रपाळीला असतो.

शिपाई असता तर निदान चहा मिळाला असता. पण 2020 च्या डिसेंबरात शासनाने ठरवलं की अनुदानित शाळांत शिपायाची पदं भरण्याऐवजी भत्ता द्यायचा. आमचे शिपाईमामा निवृत्त झाले त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून कुलूप मीच उघडतो, घंटा मीच देतो आणि मे महिन्यात पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांपाशी उंदरांना मीच हुसकतो. पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम असं तांदळाचं प्रमाण ठरलेलं आहे. उंदराचं ठरलेलं नाही, म्हणून तो घट म्हणून दाखवायचा तर कुठल्या रकान्यात, यावर मी गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे मार्गदर्शन मागवलं आहे. ते येईपर्यंत उंदीर खातोच आहे.

आणि मग येतात चाकरमानी.

महोदया, आपल्याला हा भाग ठाऊकच असेल, कारण आपणच त्यांना घेऊन येता. मुंबईच्या गाड्या भरभरून येतात, वाडीतली कुलपं निघतात आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता माझ्या टेबलासमोर दाखल्यांची रांग लागते. 'सर, माझा एकोणीसशे सत्त्याऐंशीचा दाखला हवा. पासपोर्टला मागतात.' मी फडताळातून जनरल रजिस्टर काढतो. त्या रजिस्टराला कसर लागली आहे, पण अक्षर असं की आज कुणाची हिंमत होणार नाही. सत्त्याऐंशी सालच्या पानावर एकेका इयत्तेत पन्नास-साठ नावं. माझी यंदाची पाचवी त्या पानाच्या वरच्या चार बोटांत मावते. दाखला लिहून होईपर्यंत गृहस्थ खिडकीतून मैदान बघत असतात आणि हमखास विचारतात, 'शाळा चाललीय ना बरी?' मी म्हणतो, बरी चाललीय. सही करतो, शिक्का मारतो. जन्मतारीख मात्र बदलून मिळत नाही, हे सांगताना मला जरा कठोर व्हावं लागतं. तेव्हाच्या मास्तरांनी अर्ध्या गावाला 1 जूनला जन्माला घातलं आहे, त्याला माझा इलाज नाही.

मेमध्ये लग्नं असतात. शाळा गावाची, त्यामुळे नवऱ्याकडच्यांचा जानवसा आठवीच्या वर्गात. सकाळी बघावं तर फळ्यावर नवरा-नवरीची नावं रंगीत खडूने, भोवती वेलबुट्टी, आणि खाली कुणीतरी वऱ्हाडातल्या शहाण्याने दोन चलांतील रेषीय समीकरण काढून ठेवलेलं. सोडवलेलं बरोबर होतं. मी ते पुसलं नाही.

सर्वांत मोठा कार्यक्रम स्नेहमेळाव्याचा. यंदा 1999 च्या दहावीची तुकडी आली. फेटे, बॅनर, माझ्या आधीच्या आधीच्या मुख्याध्यापकांना खुर्चीत बसवून पाद्यपूजा. म्हातारा भांबावून गेला होता. त्याने आयुष्यभर या पोरांना छडीने मारलं आणि आता तीच त्याचे पाय धुत होती, डोळे पुसत होती. मग सगळे जुन्या बाकांवर बसले. ढेऱ्यांमुळे बसणं जरा अवघड गेलं. मला म्हणाले, सर, हजेरी घ्या. घेतली. चौतीस हजर. गेल्या वर्षभरात मी एका वर्गात एवढे 'हजर सर' ऐकले नव्हते, म्हणून खोटं कशाला बोलू, मलाही जरा भरून आलं. त्यानंतर एकाने 'मराठी शाळा टिकल्या पाहिजेत' या विषयावर फार तळमळीने भाषण केलं. टाळ्या चालू असतानाच त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा पुढे आला आणि त्याची बाही ओढत म्हणाला, 'पप्पा, व्हेन इज लंच?'

जाताना त्यांनी वॉटर कूलर भेट दिला. त्याचं वीजबिल वेतनेतर अनुदानातून भागवायचं, आणि ते अनुदान केव्हा येईल हे आपल्या येण्याजाण्यासारखं पक्कं नाही. सध्या कूलरवर प्लास्टिक घातलं आहे. उद्घाटनाची फीत तशीच ठेवली आहे.

आता मुद्द्यावर येतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही शिक्षक पटासाठी फिरतो. पट घसरला की संचमान्यतेत एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि तो कोण, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे भर दुपारी तिघे जण दोन मोटारसायकलींवर वाडीवाडीत जातो. दप्तर देऊ, वह्या देऊ, मुलींना एस.टी.चा पास मोफत आहेच. कोकम सरबत पिऊन माझं पोट सध्या कायम आंबट असतं. एकदा तर एका ओटीवर चढलो तेव्हा पलीकडच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक आधीच पाटावर बसलेले होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि एकाच चौथी पास पोराकडे बघत सरबत संपवलं. मुलगी बघायला दोन स्थळं एकाच वेळी यावीत तसं झालं. पोराने बाहेर पळ काढला, तेच शहाणपणाचं होतं.

तशाच एका दुपारी एका घराच्या ओटीवर पाच पोरं पत्ते खेळत होती. पाच! माझ्या सहकाऱ्याने हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आजींना विचारलं, ही सगळी कितवीत?

'ही व्हय? ही मुंबयची. तेरा तारखेला जातील.'

'आणि इथला कोणी?'

'इथला येकच. तो तिसरीत हाय.'

त्या संध्याकाळी मी कार्यालयातच बसून राहिलो, ऑनलाइन माहिती भरण्याच्या निमित्ताने. खिडकीतून मैदान दिसतं. मोजणं हा आमचा धंद्याचा रोग, म्हणून मोजली. एक्केचाळीस पोरं. दोन टोकांना दोन क्रिकेटचे सामने, मध्ये लगोरी, ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर चार मुली पत्र्याच्या डब्यातून कैरी-मीठ खात होत्या. कुणाचा तरी मामा आंब्याचा झेला खांद्यावर टाकून अंपायर झाला होता. एवढा कल्ला त्या मैदानाने जून ते एप्रिल ऐकलेला नसतो. आमची शाळा, महोदया, आपण असताना भरते आणि आपण गेलात की उघडते.

म्हणून वर लिहिलेला विषय मी दुरुस्त करून घेत आहे. 'आपली भेट मिळणेबाबत' ऐवजी 'परतीच्या प्रवासात काही मुले मागे राहू देण्याबाबत' असे वाचावे. आपण आलात तशा सगळा माल मोजून परत नेता, हे कळतं. तरी गाडीच्या गर्दीत, पाणी भरून घेताना, आजीला मिठी मारताना दोन-चार नग विसरणं अशक्य नाही. मला जास्त नको. पाचवीत चार आले तरी माझा इंग्रजीचा मास्तर वाचतो, आणि तो चांगला शिकवतो. विदर्भात आपण उन्हामुळे आठवडाभर जास्त मुक्काम करता असं ऐकतो. आमच्याकडेही आठवडाभर रेंगाळायला हरकत नसावी, तेवढ्यात एखादं पोर शाळेत येऊन बाकावर बसेल आणि त्याची मी वरिष्ठ कार्यालयाला कळवण्याआधीच नोंद करून टाकीन.

15 जूनला प्रवेशोत्सव आहे. बैलगाडी ठरवली आहे. नवागतांना फुलं देतानाचा फोटो ठिकाणाच्या नोंदीसह अपलोड करायचा आहे आणि फोटोत 'भरपूर विद्यार्थी' दिसावेत अशी तोंडी सूचना आहे. 13 तारखेच्या गाडीने मुंबईकर जातात. 14 ला फोटो काढून ठेवता येईल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला होता, पण 14 ला मैदानावर कुणीच नसतं. 12 ला काढला असता तर चाललं असतं. तो मोह मी आवरला, याची कृपया नोंद घ्यावी.

शाकारणी झालेली आहे. दोन वर्गांत गळती राहिली आहे, ती पावसाने दाखवल्यावर कळेल.

तरी विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.

आपला विश्वासू,
मुख्याध्यापक
(शिक्का सुकायला ठेवला आहे)

सोबत : रबरी चेंडू, एक नग, शाकारणीच्या वेळी सातवीच्या वर्गावरील कौलांत सापडलेला. मालक मुंबईचा असून 13 तारखेच्या गाडीने निघणार आहे. चेंडू नेण्यासाठी त्याने स्वतः कार्यालयात यावे, असा निरोप त्याच्या आजीकडे दिला आहे.

प्रत माहितीस्तव : चहाची टपरी, एस.टी. स्टँड.